विंचू आणि डॉक्टर बावस्कर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. वैद्यकावर बोलणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास. पण विंचू हा आपल्याच घरचा विषय आहे. पऱ्हाट्यांच्या ढिगात नि गोवऱ्यांच्या उतरंडीत हात आपलाच जातो ना!

डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. डॉक्टरकी शिकले ते आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्ये. १९७६ साली कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात ते रुजू झाले. तिकडचा लाल विंचू दिसायला लहान, पण अत्यवस्थ होऊन आलेल्या शंभर रोग्यांपैकी चाळीसेक तेव्हा दगावत. डॉक्टर रोग्याच्या खाटेशी रात्र रात्र बसत. घाम किती, ओकारी केव्हा झाली, हातपाय कधी गार पडले, सारे टिपून ठेवत. घरी आजाऱ्याजवळ बसणाऱ्या बाईला हे काम ओळखीचे वाटेल. फक्त आपण लिहून ठेवत नाही. त्यांची ही निरीक्षणे १९८२ साली विलायतेच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुण्यास एम.डी. होऊनही दवाखाना त्यांनी महाडलाच थाटला.

या विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येतो नि फुफ्फुसांत पाणी भरते. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी देऊन पाहिली. मृत्यू शंभरात एकावर आले! गोळीच्या जोडीला विंचवावरची लस दिली तर रोगी लवकर सावरतो, हे त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी २०११ साली दाखवून दिले. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

आता मांत्रिकाचे. पुष्कळ विंचवांचे विष सौम्य असते. कळ आपोआप ओसरते, आणि नारळ मात्र मांत्रिकाला मिळतो. खरा जहरी विंचू असला की त्याच मंत्रात मोलाचे तास निघून जातात. म्हणून कापू नका, आवळून बांधू नका. वेदना थांबली तरी दरदरून घाम सुटला, ओकारी झाली, हातपाय गार लागले, तर लेकराला उचला आणि मिळेल त्या वाहनाने सरळ सरकारी दवाखाना गाठा. गोळी आपल्या मनाने देऊ नका, ती डॉक्टरच देतील. विंचू किती वाजता डसला, ते मात्र त्यांना नक्की सांगा.