हंपीतील रिकामा गाभारा
(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी. शिक्षण बी. कॉम.पर्यंतचे, इतिहास हा काही माझा विषय नव्हे. तथापि गेल्या कार्तिकात सहकुटुंब हंपीस जाण्याचा योग आला. तेथे जे पाहिले ते आपल्यापुढे मांडण्याची संधी कार्यकारी मंडळाने दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

हंपी म्हणजे विजयनगर साम्राज्याची राजधानी. १५६५ च्या तालिकोट युद्धानंतर ती लुटली गेली आणि ओस पडली. विठ्ठल मंदिरातील दगडी रथ आपण पन्नास रुपयांच्या नोटेवर रोज हाताळतो. त्याविषयी अधिक सांगत नाही. हेमकूट टेकडीवर पायऱ्यापायऱ्यांच्या शिखरांची लहान मंदिरे आहेत. ती जैन मंदिरे असल्याचे वाटाडे सांगतात आणि आपली मंडळी भक्तिभावाने हात जोडतात. अभ्यासकांच्या मते मात्र ती शिवालये आहेत. दुसऱ्याच्या मालावर आपला शिक्का मारू नये, हा पेढीचा नियम येथेही पाळावा.

आपले म्हणावे असे निःसंशय मंदिर कमलापूरच्या बाजूस आहे. लोक त्यास 'गाणिगित्ती' म्हणजे तेलिणीचे मंदिर म्हणतात. ते नाव कसेही पडलेले असो, समोरच्या उंच एकसंध पाषाणस्तंभावर खरा दाता नोंदलेला आहे. शके १३०७ मध्ये, दुसऱ्या हरिहर राजाचा मंत्री इरुगप्प दंडनायक याने हे कुंथुनाथ जिनालय बांधविले. हा सेनानी विद्वानही होता. 'नानार्थरत्नमाला' हा संस्कृत कोश त्याच्या नावावर आहे.

आत गेलो. गाभारा रिकामा. मूर्ती नाही. सौभाग्यवतीने घरून अक्षता आणल्या होत्या. त्या कोठे वाहाव्यात, हे तिला कळेना. चक्रवर्तिपद त्यागून दीक्षा घेतलेल्या कुंथुनाथ भगवंतांचे मंदिर, आणि सभोवार राजधानीच गेलेली! तिने डोळे मिटून णमोकार म्हटला व अक्षता पुन्हा पदरात बांधल्या. त्या आजही आमच्या देवघरात आहेत.

याच नगरीत पान-सुपारीच्या बाजारात दुसऱ्या देवरायाने १४२६ मध्ये पार्श्वनाथांचे पाषाणाचे चैत्यालय उभारले. राजाने भर बाजारपेठेत जिनालय बांधावे, याचे मज व्यापाऱ्यास विशेष अप्रूप वाटले. त्याही अगोदर, १३६८ मध्ये, जैन व वैष्णव यांच्यात तंटा झाला असता बुक्करायाने जैनांचा हात वैष्णवांच्या हाती दिला आणि दोन्ही दर्शनांत भेद नाही, असा निवाडा केला. श्रवणबेळगोळच्या शिलालेखात तो आहे. त्यातील हिशेब ऐकण्यासारखा आहे. राज्यातील प्रत्येक जैन घरामागे वर्षास एक हण घ्यावा. त्यातून गोमटेश्वरासाठी वीस रक्षक नेमावेत आणि उरलेल्या पैशातून जीर्ण जिनालयांना चुना लावावा. वसुली सोपविली होती वैष्णवांकडे! नवे बांधण्याचा त्यात उल्लेखही नाही.

हे वाचले आणि मला आपल्या मंदिराचा जुना सागवानी सभामंडप आठवला. तो उतरवून संगमरवरी मंडप उभारण्याचा ठराव झाला, तेव्हा अनुमोदक मीच होतो. वाळवी लागली होती हे खरे. परंतु सर्व खांबांना नव्हती, हे मला ठाऊक होते. सभेत मी ते बोललो नाही. लाकूड वजनावर विकले. पावती माझ्याच हस्ताक्षरात आहे. त्या मंडपासाठी कोणत्या घरांनी पैसे दिले, हे आज कोणालाही सांगता येत नाही. इरुगप्पाचे नाव मात्र पूजेविना सहा शतके त्या स्तंभावर उभे आहे.

आता मागील ओवऱ्या पाडून भोजनगृह बांधण्याचा प्रस्ताव आपल्यापुढे आहे. भोजनगृहाची निकड मी नाकारीत नाही. पर्युषणात जिने आणि अंगण यांत पाने मांडावी लागतात, ते मीही पाहतो. माझी विनंती इतकीच, की मतदानापूर्वी जाणकार स्थपतीकडून ओवऱ्यांची तपासणी व्हावी. त्या खर्चाचा निम्मा भाग मी देईन. दर घरामागे वर्षास एक ठराविक रक्कम घेऊन केवळ डागडुजीचे निराळे खाते उघडावे, असाही लेखी प्रस्ताव मी दिला आहे.

आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. त्या मंडपाची एक तुळई तेव्हा मीच विकत घेतली होती. इतकी वर्षे तिच्यावर कापडाचे गठ्ठे रचले. हंपीहून परतल्यावर गठ्ठे उतरविले, तर तिच्या तळच्या अंगास चार ओळी कोरलेल्या आढळल्या. त्यांतील दोन वाचता येतात. एक घराण्याचे नाव आहे, ते घराणे आज या सभेत बसलेले आहे. तुळई मी ट्रस्टच्या स्वाधीन करीत आहे. उरलेल्या दोन ओळी लावणारा जाणकार कोणाच्या माहितीत असेल, तर सभा संपल्यावर मला भेटावे.