यादींतील नांवें पानावर कशीं उतरतात

लग्नघरीं पाहुण्यांची यादी एकाच्या हातीं असते आणि पंगतीची मांडामांड दुसऱ्याच्या. या दोहोंची गांठ घालणारा कारभारी चोख नसला, तर फजिती यजमानाची होते. संगणकाच्या जगांत पीएचपी ही भाषा असाच कारभार पाहते.

रॅस्मस लेर्डॉर्फ यांनीं १९९४ सालीं आपल्या परिचयपत्राच्या पानास किती भेटी होतात हें पाहण्यासाठीं कांहीं लहान साधनें रचिलीं व १९९५ सालीं तीं सर्वांस खुलीं केलीं. त्यांतूनच ही भाषा वाढली. एचटीएमएल पानाचा सांगाडा देते; पीएचपी त्यांत सर्व्हरवरच माहिती भरते आणि वाचकाच्या ब्राउझरकडे तयार पान जातें.

अशा माहितीच्या यादीस ‘ॲरे’ म्हणतात. तिच्या घरांची गणती सामान्यतः शून्यापासून होते. म्हणून पहिलें नांव शून्याच्या घरांत सांपडतें. नवशिका येथें हटकून एक चूक करतो. ‘एको’ या आज्ञेस तो सबंध यादीच देतो, आणि पानावर नांवांऐवजीं ‘ॲरे’ एवढाच शब्द उमटतो. ‘पाहुणे’ असा पुकारा केल्यानें कोणा एकाचें नांव कळत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. यावर उपाय म्हणजे ‘फॉरईच’ची फेरी. वाढपी पानापानाशीं थांबतो, तशी ती घराघराशीं थांबते व आंतील मूल्य हातीं देते. यादीचा आरंभीचा टॅग फेरीपूर्वीं, शेवटचा फेरीनंतर व प्रत्येक नांवाचा टॅग फेरीच्या आंत, एवढा क्रम सांभाळला कीं नांवें दहा असोत वा हजार, पान नीट उभें राहतें.

परंतु तें नांव लिहिलें कोणीं, हा प्रश्न उरतोच. एखाद्यानें नांवाच्या जागीं आज्ञाच लिहून दिली, तर ब्राउझर ती निमूटपणें पाळतो. ऑक्टोबर २००५ मध्यें मायस्पेस या स्थळावर एका तरुणानें आपल्या पानांत दडविलेली अशीच आज्ञा एका दिवसाच्या आंत दहा लाखांहून अधिक सभासदांच्या पानांवर पसरली. स्थळाची गाळणी तिला अडवूं शकली नाहीं. म्हणून पीएचपींत प्रत्येक मूल्य पानावर मांडण्यापूर्वीं ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’ या फंक्शनमधून काढावें. मग टॅगचीं कोनी चिन्हें केवळ अक्षरांप्रमाणें दिसतात. त्यांची सत्ता उरत नाहीं.

पाहुण्याचें स्वागत करावें, पण तिजोरीच्या किल्ल्या त्याच्या हातीं देऊं नयेत. हा गृहस्थधर्म जाणणारास तो नियम निराळा शिकवावा लागत नाहीं.