जखमी जवान घरी आल्यावर

(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



१९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. आपण डब्यात पैसे टाकतो, पदराला छोटासा ध्वज लावतो. ते योग्यच आहे. परंतु जखमी जवान इस्पितळातून घरी आला, म्हणजे पुढचे बरेचसे काम पैशाने होत नाही. ते शेजारणींनाच करावे लागते.

कृत्रिम पाय बसविणारे सैन्याचे केंद्र पुण्यास १९४४ पासून आहे. अपंग जवानांना उद्योग शिकविणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट तर १९१७ सालची. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले, उपचार म्हणून पोहू लागले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळविले. ऐकून ऊर भरून येतो. तरी प्रत्येक जखमी मुलाला पेटकरांचे उदाहरण ऐकवीत बसू नये, असे मला वाटते. ज्याला अजून न्हाणीघरापर्यंत जाता येत नाही, त्याला पदकाचे काय!

आमच्या नात्यातील एका जवानाचा पाय गुडघ्याखाली गेला. रात्री तो म्हणे, "वहिनी, तळपाय जळतो." जो पायच नाही, तो जळेल कसा? घरातल्यांना वाटले, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. वस्तुतः अशी वेदना खरी असते आणि पुष्कळांना होते. डॉक्टरांना सांगितले तर तीवर उपाय असतात. तसेच, उरलेल्या पायाची सूज उतरली की पहिला कृत्रिम पाय सैल पडतो व पुन्हा माप द्यावे लागते. त्यात कोणाची चूक नसते. कण्याला इजा झालेल्याला मात्र कातडी दुखलेली कळत नाही. अंथरुणावर असेल तर त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या जिवावर बेततात.

आता सांगा, एकटी बायको हे किती रात्री करील? त्यातच आंबिया बहाराचा ताण तोडायचे दिवस आले, तर संत्र्याला पाणी कोणी द्यायचे? मुलांना शाळेत कोणी धाडायचे? आणि आपण काय करतो, तर घोळक्याने भेटायला जातो, पाय कसा गेला ते पुन्हा पुन्हा विचारतो, आणि त्या बाईला वीस कप चहा करायला लावतो! जायचेच तर भाजीभाकरी घेऊन जावे, एकेकटीने जावे. तो बोलला तर ऐकावे, न बोलला तर अंगणात बसून तिची धुणी वाळत घालावी.

कागदपत्रांचेही तसेच. पेन्शनसाठी, सवलतींसाठी नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात खेपा पडतात. नरखेडहून गाडी आहे, पण सोबत हवी. आणि प्रत्येक कागदाची नक्कल घरी ठेवलेली हवी.

मी एक वही आणली आहे. रात्री कोण जागेल, ओलिताला कोणाचे घरधनी जातील, नागपूरला कोण सोबत करील, असे तीन रकाने पाडले आहेत. पहिल्या रकान्यात माझे नाव लिहिले आहे. वही चिटणीसबाईंकडे देते. चहा होईपर्यंत ती सगळ्यांच्या हातून फिरावी.