जनसुनावणीला जाताना



खाण, सिमेंटचा कारखाना, औष्णिक वीज केंद्र, बंदर, असा एखादा मोठा प्रकल्प गावाजवळ येणार असला की त्याची पहिली अधिकृत खबर बहुतेकांना वर्तमानपत्रातल्या एका चौकटीतून मिळते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळाची जाहीर सूचना असते. प्रकल्पाचं नाव, सुनावणीची तारीख, वेळ आणि ठिकाण तिच्यात दिलेलं असतं. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ही सूचना सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी निघावी लागते. सुनावणीचं निम्म्याहून अधिक काम या तीस दिवसांत होतं, मंडपात होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

या दिवसांत आधी पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल मिळवा. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी तो लोकांना पाहण्यासाठी ठेवलेला असतो. त्याचा सारांश मराठीत असायलाच हवा. मूळ अहवाल बहुधा इंग्रजीत आणि जाडजूड असतो. गावातल्या शिकलेल्या मुलामुलींना घेऊन बसा, आणि सगळा वाचणं जमणार नसेल तर पाण्याचं प्रकरण तरी नक्की वाचा.

पाण्याचंच का? कारण अहवालातली पाहणी पुष्कळदा एकाच हंगामात झालेली असते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर याचा अर्थ काय होतो, ते तुम्हीच ताडून पाहा. मार्चमध्ये कोरडा दिसणारा ओहोळ जुलैत दुथडी भरून वाहतो, आणि खाणीवरची माती भातखाचरात उतरते तीही तेव्हाच. कोणता झरा शिमग्याला आटतो, कोणत्या विहिरीला वैशाखातही पाणी असतं, गुरं कोणत्या वाटेनं डोंगरावर जातात, हे अहवाल लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. ते तुम्हाला ठाऊक असतं, आणि पाणी भरणाऱ्या बायकांना तर सर्वांत जास्त. म्हणून त्यांना सुनावणीत बोलायला पुढे आणा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

आक्षेप लिहिताना नेमकेपणा ठेवा. ‘आमचा विरोध आहे’ एवढंच शंभर जणांनी लिहिलं, तर त्याची बोळवण एका ओळीत होते. पण ‘अहवालाच्या अमुक पानावर हा नाला कोरडा दाखवला आहे, अमुक गट नंबरमधल्या विहिरी त्याच्या पाण्यावर आहेत, त्यांची नोंद सातबाऱ्यावर आहे, उतारा सोबत जोडला आहे’ असं लिहिलं, की त्याला उत्तर द्यावं लागतं. अर्ज आधीच मंडळाकडे द्या आणि आवक शिक्का मारलेली पोच जपून ठेवा.

सुनावणीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी असतात. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या: या सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. बहिष्कार टाकला तरी ती झाली असंच धरलं जातं. बहिष्कारामागचा राग मी समजू शकतो. तरीही जाऊन, बोलून, नोंद करवून घेणं मला अधिक उपयोगी वाटतं. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारण्याची संधी मिळाली पाहिजे, आणि कामकाजाचं चित्रीकरण झालं पाहिजे. शेवटी इतिवृत्ताचा सारांश स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवायचा असतो. तोवर जागा सोडू नका. तुमचा मुद्दा सुटला असेल तर तिथल्या तिथे उठून सांगा.

या नोंदीला किती वजन असतं, ते दक्षिण गोव्यातल्या रिवण भागातल्या लोहखनिज खाणीच्या खटल्यात दिसलं. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की सुनावणीत आलेले आक्षेप प्रकल्प तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीनं विचारात घेतले पाहिजेत आणि ते का मानले किंवा का मानले नाहीत याची कारणं दिली पाहिजेत. गोव्यातल्याच मोपा विमानतळाची पर्यावरण मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं २९ मार्च २०१९ रोजी स्थगित केली आणि समितीला फेरविचार करायला लावला. पुढे जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली आणि विमानतळ झालाही, पण जादा अटींसह. तेव्हा जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे, बहुमतानं तिथे प्रकल्प रद्द होत नाही, हे मनाशी पक्कं असू द्या. इमारती आणि बांधकामांच्या प्रकल्पांना तर तिच्यातून सूटच आहे.

मंजुरी मिळाली की बरेच लोक हात टेकतात. कायदा राबवण्याचं काम मात्र तिथूनच सुरू होतं. मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीकडे येते आणि ती ३० दिवस फलकावर लावायची असते. ग्रामसेवकाकडे तिची चौकशी करा. आदेश कळल्यापासून ३० दिवसांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. सबळ कारण असेल तर आणखी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आपल्यासाठी त्याचं पीठ पुण्यात आहे. भरपाई मागायची नसेल तर शुल्क एक हजार रुपये, आणि वकिलाशिवाय स्वतः बाजू मांडण्याचीही मुभा आहे.

मंजुरीच्या अटी पाळल्या की नाही, याचा अहवाल कंपनीला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत. अर्ज करून प्रत मागा आणि एकेक अट प्रत्यक्ष जागेवर जाऊन ताडून बघा. नाल्यात सांडपाणी सोडलेलं दिसलं तर तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा, छायाचित्र घ्या आणि मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याला लेखी कळवा. नुसतं बाटलीत पाणी भरून ठेवू नका. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली मंडळ जो नमुना पुरावा म्हणून मांडतं, तो त्याच्या अधिकाऱ्यांनी कलम २१ मधल्या रीतीनंच घेतलेला असावा लागतो. म्हणून नमुना घ्यायला या, अशी मागणी त्याच अर्जात करा, आणि पाणी सोडतात ती वेळ रात्रीची असेल तर तेही लिहा.