शिट्टीनंतरचे आठ सेकंद

(1996 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. आठवीच्या वक्तृत्व स्पर्धेत मी तिसऱ्याच मिनिटाला भाषण विसरले होते, हे समोरच्या निदान वीस जणांना आठवत असेल. म्हणून आज कागद आणलाय. कागदासोबत टेबलावर हे आठ फुटांचं सामानही आणलंय. चहाच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं, "हे पोराचं खेळणं का?" पोराचं नाही, माझं आहे. पोराला यात फारसा रस नाही.

ही आपली शकुंतला. पत्र्याचं छप्पर असलेलं हे आपलं अंजनगाव स्टेशन, हा कडुनिंब आणि हे फाटक.

आपल्या शाळेला घंटा होती, पण मधल्या सुट्टीनंतरचा तास कधी संपणार हे आपण गाडीच्या शिट्टीवरून ओळखायचो. अचलपूर ते मूर्तिजापूर सुमारे 76 किलोमीटर, आणि त्याला चार तास. अडीच फुटी रुळांची ही लाइन इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन कंपनीनं कापूस वाहायला बांधली. वऱ्हाडातला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जायचा आणि गाडी ओढणारं वाफेचं इंजिनही 1921 साली मँचेस्टरलाच बनलेलं. एप्रिल 1994 मध्ये ते बंद झालं आणि डिझेल आलं. आपली तेव्हा आठवीची परीक्षा चालू होती. आता तर गाडीच धावत नाही.

मी बारावीनंतर इंजिनिअरिंगला पुण्याला गेले. कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, ते 1998 साली नुकतंच सुरू झालं होतं. हॉस्टेलच्या मैत्रिणींबरोबर गेले आणि तिथल्या छोट्या गाड्या बघताना मनात आलं, आपली गाडी अशी करता येईल का? त्यानंतर नोकरी, लग्न, मूल, बदल्या. सुरुवात करायला विसाहून जास्त वर्षं गेली.

आता थोडं तांत्रिक. सर, चुकलं तर उभं करा.

हे मॉडेल 1:48 या प्रमाणात आहे. खरे रूळ 762 मिलिमीटरचे. 48 ने भागलं की जवळजवळ 16 येतात. बाजारात 16.5 मिलिमीटरचे तयार रूळ मिळतात, तेच वापरले. खालचा सांगाडा विकतचा आहे, वरचं इंजिन मी प्लास्टिकच्या पत्र्यातून कापून केलंय. शकुंतला ताशी साधारण 20 किलोमीटरनं जायची. त्या हिशोबानं टेबलावर ती सेकंदाला साडेअकरा-बारा सेंटिमीटर सरकायला हवी, म्हणजे मुंगीपेक्षा जरा बरी.

जुन्या पद्धतीत रुळांतला विजेचा दाब वाढवला की गाडी पळते, कमी केला की थांबते. त्यात गंमत अशी की गाडी थांबली की तिचा दिवाही विझतो, कारण वीजच जात नाही. आवाजाचा तर प्रश्नच नाही. आणि रुळावर दोन इंजिनं असतील तर दोन्ही एकदमच पळतात.

यावर उपाय म्हणजे डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीची ही पद्धत, पुढे अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेनं नव्वदच्या दशकात ती प्रमाण म्हणून स्वीकारली. यात रुळांत वीज कायम पूर्ण दाबानं असते, फक्त तिची दिशा सतत उलटसुलट होते. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या 58 भागांनी दिशा बदलली की तो झाला एक, आणि सुमारे 100 भागांनी बदलली की शून्य. तारायंत्रात लांब-आखूड असतं ना, तसंच. त्याच दोन रुळांतून वीजही जाते आणि निरोपही. इंजिनात नखाएवढी पट्टी असते, तिला डीकोडर म्हणतात. निरोपाच्या सुरुवातीला पत्ता असतो: "तीन नंबर, शिट्टी दे." चार नंबरचं इंजिन ते ऐकतं आणि गप्प बसतं. वर्गात सर एकाला उभं करायचे तेव्हा बाकीचे वहीत बघायचे, तसं.

रुळात निरोप घालायला मी अर्डुइनोचा छोटा बोर्ड वापरलाय. त्यावरचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लॅपटॉपवर जेएमआरआय नावाचा प्रोग्रॅम आहे, तोही फुकट, आणि गाडी मोबाइलवरून चालते.

आवाज मात्र सोपा नव्हता. आवाजाच्या डीकोडरमध्ये इंजिनाचे मुद्रित आवाज साठवलेले असतात. वाफेच्या दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेरीला चार वेळा भक होतं. डीकोडरनं तो मेळ चाकाशी ठेवला पाहिजे, नाहीतर चाक एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. स्पीकर पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा जेमतेम मोठा. तो उघडा ठेवला तर डासासारखा वाजतो, कारण त्याच्या मागून निघणारा आवाज पुढच्या आवाजाला मारतो. म्हणून मागे हवाबंद डबी करून चिकटवली. रुळावर धूळ बसली की वीज क्षणभर तुटते आणि आवाज उचकी लागल्यासारखा होतो. त्यासाठी आत छोटा कपॅसिटर बसवला, तो तेवढा क्षण निभावून नेतो.

हे सगळं जमलं. पण शकुंतलेच्या त्या इंजिनाचा आवाज मला कुठे मिळाला नाही. मग दुसऱ्या लहान इंजिनांचे आवाज जोडून एक तयार केला, त्याचा व्हिडिओ काढला आणि आपल्या ग्रुपवर टाकला. तुम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवले, फुलं दिली, कोणी "डोळ्यांत पाणी आलं" असंही लिहिलं. मीही खूश होते.

नंतर दिवाळीत इथे आले, तेव्हा बस स्टँडजवळच्या पानठेल्यावर थांबले. पान लावणाऱ्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "तू तिसऱ्या बाकावरची ना?" तुमच्यातल्या काहींना तो आठवेल. पाचवीपासून आपल्या वर्गात होता. सुट्टीच्या दिवशी आणि शाळा सुटल्यावर गाडीत पेरू आणि उकडलेल्या शेंगा विकायचा. नववीत वडील अंथरुणाला खिळले आणि त्याची शाळा सुटली. त्याच्या जागी दुसऱ्याचं दप्तर आलं आणि आपण पुढचा धडा घेतला. तो का येत नाही, हे मी तरी कोणाला विचारलं नव्हतं.

मी त्याला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यानं दोनदा ऐकला. मग म्हणाला, "आवाज चांगला हाय. पण तुई गाडी खाली चालून रायली. डब्यात मानसंच नाईत."

मला कळेना. तो समजावून सांगू लागला. भरलेली गाडी निघताना पहिले पाच-सहा ठोके जड पडतात, प्रत्येक ठोक्यात दम लागतो, आणि चाल धरली की तेच ठोके हलके होतात. माझ्या गाडीचे सगळे ठोके सारखेच होते. आणि दुसरी चूक: "शिट्टी झाली का गाडी लगेच नाई हालत. शिट्टी होते, मंग खालून वाफ सुटते सुस्स करून, मंग पयला ठोका. तेवढ्यात मी चिल्लर वापस द्याचो अन् पायदानावर चढाचो. तुया गाडीत मी खालीच रायलो असतो."

मी विचारलं, "किती वेळ असायचा रे?" त्यानं डोळे मिटले, बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "आठ."

आपण आत खिडकीशी बसायचो. गाडी कधी हलेल हे ओळखायची आपल्याला गरज नव्हती. त्याला होती. चुकलं तर दिवसाची कमाई फलाटावर राहायची, नाहीतर पाय रुळावर.

घरी परत गेल्यावर मी दोन्ही दुरुस्त केलं. जड ठोक्यांसाठी सरांचा सायकलचा डायनामो कामी आला. सर, तुम्ही नववीत डायनामो फिरवून बल्ब लावून दाखवला होता. आपण फिरवला की तो वीज देतो, आणि मोटर म्हणजे हेच उलट, असं सांगितलं होतं. डीकोडर तेच करतो. मोटरची वीज तो क्षणभर तोडतो, तेव्हा फिरणारी मोटर स्वतःच थोडी वीज तयार करते. ती मोजली की मोटरचा खरा वेग कळतो. दिली त्या विजेच्या मानानं वेग कमी असेल तर गाडीवर ओझं आहे, मग ठोका जड वाजवायचा. मी डब्यांच्या तळाला शिशाचे तुकडे चिकटवले आणि गाडीला खरंच ओझं दिलं. वेग हळूहळू वाढावा म्हणून डीकोडरमधला एक आकडा बदलला. आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: शिट्टी, मग वाफ, आणि शिट्टीपासून बरोबर आठ सेकंदांनी पहिला ठोका. वीस वर्षं मी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. तिथे एखादी गोष्ट आठ सेकंद उशिरा झाली तर तक्रार येते. मुद्दाम उशीर करणारा कोड मी पहिल्यांदाच लिहिला.

आता शेवटचं, आणि मग गाडी.

या मेळाव्याची यादी दहावीच्या निकालपत्रकावरून केली होती. यादी तपासायला माझ्याकडेही आली होती. मी फोन नंबर तपासले, शुद्धलेखन तपासलं आणि "बरोबर आहे" असं कळवलं. पानठेल्यावरून परतताना लक्षात आलं की ती बरोबर नव्हती. पाचवीत आपल्या वर्गात किती बाकं होती आणि दहावीत किती उरली, ते आठवून बघा. कोणाची शाळा लग्नामुळे सुटली, कोणाची शेतामुळे, कोणी नापास झालं आणि पुन्हा बसलंच नाही. मुली त्यात जास्त होत्या. त्या सगळ्यांबरोबर आपण डबे खाल्ले आहेत.

समितीला माझी एक विनंती आहे. स्मरणिका छापायला जाईल तेव्हा मागची यादी पाचवीच्या हजेरीपटावरून करूया. शाळेच्या कपाटात जुने हजेरीपट आहेत, मी काल कार्यालयात विचारून आले. ते उतरवून काढण्याचं काम माझं. पत्ते शोधायला मात्र तुम्ही सगळे लागाल.

मी त्याला आज बोलावलं आहे. तो आधी "माह्यं काय काम तिथं?" म्हणाला. मी म्हटलं, काम आहे, गाडी तुलाच चालवायची आहे. तो मागे दाराशी उभा आहे. ये रे पुढे.

हा मोबाइल धर. हे बटण शिट्टीचं. बाकीचं ती आपली आपण करेल. सगळ्यांनी जरा शांत बसा आणि शिट्टी झाली की मनात आठपर्यंत मोजा.