पावती फाडल्यानंतरचा वेळ

(वर्धा येथील व्याख्यानमालेत एका वकिलांनी दिलेले व्याख्यान)



काही वर्षांपूर्वीची थंडीतली रात्र. नागपूर खंडपीठातलं काम लांबलं आणि शेवटची बस चुकली. आमच्या शेजारचा एक मुलगा कळमन्याच्या बाजारात संत्रा उतरवून परत निघाला होता, त्याच्या पिकअपमध्ये बसलो. मागे नुसते रिकामे कॅरेट. आपल्या जिल्ह्यातल्या एका नाक्यावर टॉर्च हलला. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी, सगळं जागेवर होतं. मागचा एक दिवा तेवढा बंद होता, त्याची पावती फाडली. पावतीवर वेळ पडली ११ वाजून २० मिनिटं. मुलाने पैसे भरले, पावती खिशात घातली आणि गाडी सुरू करायला हात पुढे केला, तर चावी शिपायाच्या हातात.

"गाडी बाजूला घे. कॅरेट उतरव."

ऐंशीएक कॅरेट त्याने एकट्याने उतरवले. दोन थप्प्या झाल्यावर तो वळला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "साहेब, पावती तं फाडली नं? मंग आता काहून थांबवलं?"

कुणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही, आणि माझ्या मांडीवर वकिलीचा कोट होता. याची बोच अजून आहे, म्हणूनच आजचा विषय मी मागून घेतला. गाडीत काहीही सापडलं नाही. आम्हाला सोडलं तेव्हा १२ वाजून ३५ मिनिटं झाली होती.

त्या मुलाच्या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निकाल दिला आहे. नेब्रास्का राज्यात २०१२ च्या मार्चमध्ये मध्यरात्रीनंतर एक गाडी रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर गेली म्हणून अडवली. कागद तपासून झाले, लेखी समजही देऊन झाली. मग पोलिसाने चालकाला थांबवून घेतलं आणि गाडीभोवती कुत्रा फिरवला. समज दिल्यापासून कुत्र्याने इशारा देईपर्यंत सात-आठ मिनिटं गेली. गाडीत अमली पदार्थ सापडलेसुद्धा. तरी न्या. रुथ बेडर गिन्सबर्ग यांनी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने लिहिलं की, ज्या कामासाठी गाडी अडवली ते काम संपलं की अडवण्याचा अधिकारही संपला. पुढे थांबवायचं तर संशयाला वेगळा, सांगता येईल असा आधार हवा. रॉड्रिग्ज खटला म्हणून तो ओळखला जातो. सात-आठ मिनिटांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं एका कार्यकर्त्याने मला विचारलं होतं. मिनिटं किती हा तिथे प्रश्नच नव्हता. काम संपल्यानंतरची ती मिनिटं कुणाच्या मालकीची, हा प्रश्न होता.

आपल्याकडे इतक्या नेमक्या शब्दांतला निकाल नाही. पण कायद्याची पानं उलटली की तोच विचार तुकड्यातुकड्यांनी सापडतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम १३० गणवेशातल्या पोलिसाला लायसन्स मागण्याचा अधिकार देतं. ते काम दोन मिनिटांचं. कलम १३२ मध्ये गाडी थांबवून ठेवण्याची मुदत आहे: आवश्यक तेवढा वाजवी वेळ, जास्तीत जास्त चोवीस तास. मात्र ही मुदत अपघाताच्या प्रसंगाची आहे आणि तिथे अधिकारी उपनिरीक्षकाच्या दर्जाखालचा चालत नाही. नाक्यावर कुणी हे चोवीस तास ऐकवले, तर त्याला आधीचे शब्दही वाचायला सांगा. कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येते, पण नोंदणी नसणं, परवाना नसणं अशा ठरावीक कारणांसाठी. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल कलम १८५ खाली अटक झाली, तर कलम २०२ सांगतं की दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर माणसाला सोडावं लागेल. आणि चावी काढून घ्या, असं या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७२ मध्ये पोलिसांचे आदेश न जुमानणाऱ्याला ताब्यात घेता येतं आणि किरकोळ प्रकरणात शक्य तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत, सोडायचं असतं. माझा अनुभव असा की 'चोवीस तास' तेवढं लक्षात राहतं आणि 'शक्य तितक्या लवकर' गळून पडतं. संविधानाच्या अनुच्छेद २२ मधले चोवीस तासही तसेच. अटक केलेल्याला दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याची ती शेवटची मर्यादा आहे, पोलिसांच्या खात्यात जमा झालेली रजा नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने सीमाशुल्क खात्याच्या एका खटल्यात सांगून ठेवलं आहे की, माणसाची मोकळीक जिथे संपते तिथे अटक सुरू होते; अधिकारी त्याला काय नाव देतो याला महत्त्व नाही.

आता आपल्या वर्ध्याकडे येतो. १९७४ पासून हा जिल्हा दारूबंदीचा. सेवाग्राम आणि पवनारचे आश्रम इथे आहेत म्हणून ती आली. मी दारूबंदीच्या बाजूचा आहे. मोहाच्या भट्ट्या फोडायला गेलेल्या बाया मी लहानपणी पाहिल्या आहेत, त्यांच्या अंगावरचे वळही पाहिले आहेत. नाकाबंदी नको असं मी कधीच म्हणणार नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने वाहन थांबवून झडती घेण्याचा अधिकार दिला आहे आणि तो वापरलाच पाहिजे. अडचण अशी की आपल्याकडे प्रत्येक थांबवण्याला दोन कामं चिकटतात. लायसन्ससाठी थांबवलेली गाडी दारूसाठी कधी थांबवली गेली, तो क्षण कुठेच लिहिला जात नाही. खबर असेल, कॅरेटखालून बाटल्यांचा आवाज येत असेल, मागच्या चाकांवर नको तितकं वजन दिसत असेल, तर जरूर झडती घ्या. पण तसं म्हणा, आणि वेळ लिहा.

नव्या संहितेने नकळत एक घड्याळ आपल्या हातात दिलं आहे. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं, शक्यतो मोबाइलवर. या संहितेत 'जागा' या शब्दात वाहनही येतं. म्हणून माझ्या मते नाक्यावरची झडतीही चित्रित व्हायला हवी. चित्रफितीवर वेळ पडते. ई-चलनावरही पडते. या दोन वेळांच्या मधलं अंतर न्यायालयाला मोजता येईल आणि त्याचं कारण विचारता येईल. याने प्रामाणिक शिपायाचंही भलंच होईल. कडाक्याच्या थंडीत बारा तास उभ्या असलेल्या माणसाला आपण काय केलं हे दाखवायला तोंडी शब्दापेक्षा पक्कं काहीतरी हवं असतं. जिल्हा पोलिसांना माझी जाहीर विनंती आहे: नाक्यावरच्या रजिस्टरमध्ये दोन रकाने वाढवा, गाडी थांबवल्याची वेळ आणि सोडल्याची वेळ.

तो मुलगा अजून संत्रा घेऊन कळमन्याला जातो. मागच्या महिन्यात घरी आला होता. गाडीच्या कप्प्यात त्याने सगळ्या पावत्या रबर लावून ठेवल्या आहेत. पुढच्या बाजूला छापील वेळ, आणि मागे पेनाने, जरा तिरप्या अक्षरात, सुटल्याची.