‘बुद्ध’ या शब्दाचे गणगोत



आज ज्या शब्दाविषयी आम्ही बोलणार आहोत तो आपण रोज वंदनेत उच्चारतो. ‘बुद्ध’ हे कोणाचे पाळण्यातले नाव नव्हे. ‘बुध्’ म्हणजे जागे होणे, जाणणे. या धातूचे ते भूतकालवाचक विशेषण आहे. जागा झालेला तो बुद्ध. पालीत आणि संस्कृतात रूप एकच.

मग शब्द मूळचा कोणाचा? पाली म्हणजे संस्कृताचे बिघडलेले रूप, असे आम्हांला शाळेत शिकवले गेले. ते खरे नाही. ‘येथे’ या अर्थी संस्कृतात ‘इह’ आहे, तर पालीत ‘इध’. आणि यांतले जुने रूप पालीचे आहे. परंतु सगळे पालीतूनच निघाले, असे आपल्यातले काही उत्साही मित्र म्हणतात, तेही टिकत नाही. ‘बुध्’ दोहोंहून जुना आहे. पाच-सहा हजार वर्षांपूर्वी, लेखन नसलेल्या लोकांच्या बोलीत तो ‘भेउध्’ असा असावा, असे भाषाशास्त्रज्ञ तुलनेने ठरवतात. तो कोठेही लिहिलेला सापडत नाही, म्हणून त्याच्याआधी तारांकन करण्याचा प्रघात आहे.

मुळात ‘भ’, तर आपल्याकडे ‘ब’ कसा? हेर्मान ग्रासमान या जर्मन गणितज्ञाने १८६३ साली याचा उलगडा केला. लागोपाठच्या अक्षरांत दोन महाप्राण आले की पहिल्याचा हकार गळतो. मात्र पुढच्या ‘ध’चा हकार गेला की लपलेला ‘भ’ पुन्हा डोके वर काढतो. ‘तो जाणेल’ याला संस्कृतात ‘भोत्स्यते’ म्हणतात. विद्यार्थ्यांनी एवढे एक रूप ध्यानात ठेवले तरी पुरे.

आता भाऊबंद पाहू. ग्रीक ‘पेउथोमाइ’ म्हणजे विचारपूस करून कळून घेणे. लिथुआनियन भाषेत ‘बुदेती’ म्हणजे जागे राहणे, पहारा करणे. रशियनमध्ये ‘बुदीत्’ म्हणजे उठवणे, आणि गजराच्या घड्याळाला ‘बुदील्निक’ म्हणतात! आपले ‘समजणे’ही ‘सम्बुध्यते’पासून प्राकृतातून आले आहे.

या भाषांचे नाते जगापुढे ठळकपणे मांडणारे विल्यम जोन्स यांचे कलकत्त्यातील भाषण २ फेब्रुवारी १७८६ चे. त्याच भाषणात त्यांनी उत्तर युरोपातील ओडिन देव आणि बुद्ध एकच, असेही सांगून टाकले! ओडिनचा, म्हणजे वोडनचा, ‘वेन्सडे’ आणि आपला बुधवार एकाच दिवशी येतात, त्यामुळे ही कल्पना मोहात पाडते. पण मूळच्या ‘भ’चा जर्मन-इंग्रजीच्या घराण्यात ‘ब’ होतो, ‘व’ होत नाही. त्या घराण्यात ‘जाणवून देणे’ याचा अर्थ सरकत ‘आज्ञा करणे’ असा झाला. म्हणून इंग्रजीतला बुद्धाचा भाऊबंद ‘वेन्सडे’त नाही, तो ‘फॉरबिड’मध्ये, आणि मनाईच्या जर्मन पाटीवरील ‘फेरबोटन’मध्ये आहे.